पाण्याचं वजन

एकतीस वर्षं मार्केट यार्डात काट्यामागे उभं राहिल्यावर सोनबा बराटे यांची माणसांबद्दलची मतं फार थोडी आणि फार पक्की झाली होती. तोलणार हा ना शेतकऱ्याचा, ना आडत्याचा. तो काट्याचा माणूस. शेतकऱ्याला वाटतं हा आडत्याला सामील, आडत्याला वाटतं हा शेतकऱ्याला सामील, आणि दोघांनाही सारखाच संशय आला की तोलणाराने समजावं, आपलं काम चोख चाललंय. सोनबा तसं समजून सुखात होते. गोणी हमालाच्या पाठीवरून उतरतानाच ते मनात आकडा धरत, आणि काटा त्यांना अर्ध्या किलोच्या वर क्वचितच खोटं पाडी. गोणीत माल किती, माती किती आणि पाणी किती, हे तर ती जमिनीला टेकल्याच्या आवाजावरून सांगत. आल्याच्या गोण्यांवर पाणी मारून वजन वाढवून आणणारे बहाद्दर त्यांच्या काट्यासमोर आले, की उगाचच त्यांच्या पोराबाळांची चौकशी करू लागत.

घरात मात्र ही विद्या कुणाच्या उपयोगाची नव्हती. वारज्यात, जिथे एकेकाळी बराट्यांची वांगी व्हायची तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर चौघं राहत: सोनबा, त्यांची बायको बायडाबाई, मुलगा संपत आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सून शालू. शालू कर्वे रस्त्यावर एका विमा कचेरीत नोकरीला होती. तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत मोजे आणि डोळ्यांवर गॉगल असा पुण्याच्या पोरींचा सगळा जामानिमा करून ती सकाळी स्कूटरवर निघायची, तेव्हा ती नोकरीला चालली आहे की दरोडा घालायला, हे सासऱ्यालाही ओळखू आलं नसतं.

दोन हजार बारा सालच्या जानेवारीपासून या मुलीच्या मागे बारीकसारीक दुखणी लागली होती. सकाळी उठल्यावर बोटं आखडत. ते कॉम्प्युटरमुळे, असं संपतने ठरवलं. केस मूठमूठ गळत; ते बोअरच्या पाण्यामुळे, असं सगळ्या सोसायटीने ठरवलं, कारण सोसायटीत ज्यांचे केस गळत त्यांचे बोअरच्या पाण्यानेच गळत आणि ज्यांचे गळत नसत ते त्याच पाण्याबद्दल बोलत नसत. तोंडात फोड आले. ती उष्णता, म्हणून गुलकंद. गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर लाली चढली. ती स्कार्फच्या कापडाची. कचेरीजवळच्या डॉक्टरांनी सगळ्याला मिळून अशक्तपणा म्हटलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. प्रत्येक दुखण्याला आपापलं कारण मिळालं होतं, आणि कारण मिळालं की दुखणं अर्धं बरं झालं असं मानण्याची या घराची पद्धत होती.

सोनबा हे सगळं पेपराआडून ऐकत. त्या घरात सासऱ्याने सुनेबद्दलचं सगळं ऐकायचं आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवायचं, असा रिवाज होता. सुनेशी त्यांचं बोलणं म्हणजे ‘दार लावून घे’ आणि ‘मला अजून अर्धी भाकरी’ एवढंच. तिने ‘मामा’ म्हणायचं, त्यांनी ‘हं’ म्हणायचं.

जून महिन्यात शालूचा चेहरा भरला. सकाळी डोळ्यांखाली फुगवटा, हाताच्या बांगड्या फिरेनात, थकवा, मळमळ. बायडाबाईंनी हे सगळं एकत्र केलं आणि निकाल दिला. संपतने दोनदा आणलेल्या चाचणीच्या पट्ट्यांनी निकाल अमान्य केला, तेव्हा बायडाबाईंनी पट्ट्याच अमान्य केल्या. गालावरच्या लालीला त्या आता तेज म्हणू लागल्या. धायरीच्या बहिणीला, खालच्या मजल्यावरच्या कुसुमला आणि दूधवाल्याला, अशा उतरत्या क्रमाने बातमी पोहोचली. शालू नाही-नाही म्हणत राहिली, आणि पहिलटकरीण लाजते म्हणून बायडाबाई आणखी खूश होत राहिल्या.

सोनबांच्या हिशेबात मात्र हे बसेना. दाराशी काढलेल्या सुनेच्या सँडलचा पट्टा दोन भोकं पुढे गेला होता. जिन्यातून ती वर येई तेव्हा तिचं पाऊल जड वाजे, आणि ते जडपण मालाचं नव्हतं. ताटात ती अर्धी भाकरी टाकून उठे. माल आत जात नाही आणि वजन चढतंय, तर चढतंय काय?

घरात एक जुना काटा होता. यार्डात नवे इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर मोडीत निघालेला, सरकत्या वजनांचा. गॅसचं सिलिंडर भरलेलं येतं की नाही हे पाहायला सोनबांनी तो गुढीपाडव्याला टेम्पोत घालून आणला होता, आणि त्या दिवशी गंमत म्हणून सगळे त्यावर उभे राहिले होते. बायडाबाईंनी लुगड्याचे आणि डोरल्याचे मिळून दोन किलो वजा करून घेतले होते. शालू एक्कावन्न भरली होती. जूनच्या शेवटच्या रविवारी सोनबांनी पुन्हा सिलिंडर तोललं, मग काही सुचल्यासारखं करून म्हणाले, की चला, सगळेच उभे राहा. तीन आठवडे ते एवढं म्हणायला धीर करत होते. शालू साडेछप्पन्न भरली.

बायडाबाईंना आनंद झाला. सोनबांनी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच सांगितलं, की पोरीच्या नडगीवर अंगठा दाब, दहापर्यंत आकडे मोज आणि काय दिसतंय ते मला येऊन सांग.

“तुमाला काय करायचंय बायकांच्या गोष्टीत?”

“ते पाणी हाय,” सोनबा म्हणाले. “एवढ्या दिसांत एवढं चढलेलं वजन पाण्याचंच आस्तंय. पोटात लेकरू आसंल तर पोटाला दिसंल. नडगीला कशाला दिसंल?”

बायडाबाई तणतणत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. खड्डा पडला होता, आणि दहाच काय, वीस मोजले तरी तो भरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी यार्डात सोनबांनी ही गोष्ट मन्सूर शेखला सांगितली. मन्सूरशेठचा लसणाचा गाळा सोनबांच्या काट्यासमोरच होता आणि गेली वीस वर्षं दोघं एकमेकांना रोज एकदा तरी लबाड म्हणत. मन्सूरशेठने आधी चेष्टा करून घेतली: तुम्ही आता घरच्या माणसांनाही गोणी समजून तोलायला लागलात, उद्या पाहुण्यांची आर्द्रता काढाल. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. त्याची धाकटी मुलगी सलीमा किडनीची डॉक्टर होती. दिवसा मोठ्या इस्पितळात आणि संध्याकाळी कसबा पेठेत, त्यांच्या जुन्या घराच्या माडीवर. त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि म्हणाला, “आज सहा वाजता जा. आणि माझ्या मुलीशी घासाघीस करू नका. ती माझ्यावर गेलेली नाही, कमी बोलते.”

ठरल्याप्रमाणे बायडाबाई शालूला घेऊन आत जाणार आणि सोनबा जिन्यात बसणार होते. पण माडी लहान, दार पातळ आणि सोनबांचे कान शाबूत, त्यामुळे रिवाजही सांभाळला गेला आणि एक शब्दही वाया गेला नाही.

डॉ. सलीमाने रक्तदाब घेतला. एकशे छप्पन्न वर शंभर. सव्वीस वर्षांच्या मुलीचा. मग तिने बोटांचं विचारलं, केसांचं विचारलं, उन्हात गेल्यावर गाल जास्त लाल होतात का ते विचारलं. लघवीला फेस येतो का, असंही विचारलं. शालूने सांगितलं की येतो, पण तो फिनेलचा असावा. सलीमाने तिला एक छोटी बाटली दिली आणि परत आल्यावर तिच्यात पट्टी बुडवली. पट्टी पिवळ्याची गडद हिरवी झाली.

“फिनेल बाटलीत नव्हतं,” सलीमा म्हणाली.

मग तिने एक कागद घेतला आणि बोटं, केस, तोंडातले फोड, गाल, सूज असं एकाखाली एक लिहिलं. “तुम्ही प्रत्येकाचं खातं वेगळं उघडलंत,” ती म्हणाली. “म्हणून बेरीज कुणी केलीच नाही.” खाली रेघ ओढून तिने एकच शब्द लिहिला आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ल्युपस.

जिन्यात बसलेल्या सोनबांना पुढचं बोलणं असं समजलं. अंगात रोगांना हाकलायला पहारेकरी असतात. या आजारात त्यांचं डोकं फिरतं आणि ते चोर सोडून घरच्यांनाच बडवतात; आज सांध्यांना, उद्या कातडीला, आणि सापडली तर किडनीला. किडनी म्हणजे चाळण. तिची भोकं फाटली की अंगातलं प्रोटीन लघवीतून वाहून जातं आणि पाणी अंगात साचतं. लवकर आवरलं तर किडनी वाचते. नाही आवरलं, तर वर्षभरात डायलिसिस. हा शेवटचा शब्द त्यांना समजावून सांगावा लागला नाही. यार्डातले दत्तोबा हमाल आठवड्यातून दोनदा तिथे जात आणि उरलेले दिवस त्यातून सावरण्यात घालवत.

चार दिवसांत रक्ताचे रिपोर्ट आले आणि प्रश्नचिन्ह गेलं. किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन, जे एकच्या आत हवं, ते एक पूर्णांक सहा होतं. आता दोन गोष्टी मोजायच्या राहिल्या: चोवीस तासांत किती प्रोटीन गळतं ते, आणि किडनीच्या आत नुकसान किती झालंय ते.

पहिल्या मोजणीसाठी पाच लिटरचा कॅन मिळाला. सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा, सगळी लघवी त्यात धरायची, थेंब बाहेर जाता कामा नये. शनिवारी यार्डाला सुट्टी, शालूलाही सुट्टी, म्हणून शनिवार ठरला. रविवारी कॅन पाहून सलीमाने तो परत दिला. हा दिवसभराचा माल नाही, ती म्हणाली, पुन्हा धरा. घरी आल्यावर बायडाबाईंनीच सोक्षमोक्ष लावला: “तुमी दिवसभर हॉलमधी पेपर धरून बसताय. कॅन घेऊन ती तुमच्या पुढनं जाणार कशी?”

पुढच्या शनिवारी सोनबा पहाटे घराबाहेर पडले ते रविवारी सकाळी उजाडल्यावर परतले. बंद मार्केट यार्डात माणूस काय करतो हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मन्सूरशेठच्या गाळ्याच्या रखवालदाराच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी तीन वेळा चहा घेतला, रिकामे काटे पुसले आणि एका कुत्र्याचं वजन अंदाजे सांगितलं. कॅन मात्र भरला. प्रोटीन निघालं चार पूर्णांक दोन ग्रॅम. निरोगी माणसाचं पाव ग्रॅमही जात नाही.

दुसऱ्या मोजणीला सुई लागणार होती. पाठीतून किडनीत सुई घालून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा. बायडाबाई म्हणाल्या, आजारी किडनीला भोक पाडून ती बरी कशी होईल? संपतने रात्रभर इंटरनेट वाचून एकवीस धोके काढले होते. शालू आतापर्यंत सगळ्यांचं ऐकत होती. तिनेच शेवटी विचारलं, की आजार कळलाय, औषधही आहे, तर सुई न घालता ते सुरू नाही का करता येणार?

“येईल,” सलीमा म्हणाली. “अंदाजाने. कमी दिलं तर किडनी जाईल, जास्त दिलं तर औषधच त्रास देईल. मला आधी मोजू द्या.”

सोनबा तेव्हा दाराच्या आत येऊन उभे राहिले. सुनेच्या दुखण्याच्या बोलण्यात त्यांनी सगळ्यांसमोर तोंड घालण्याची ही पहिलीच वेळ. त्यांनी एवढंच म्हटलं, की अंदाजाने तोलणाऱ्याचा यार्डात परवाना जातो. बाई मोजते म्हणतात तर मोजू द्या. शालूने सही केली.

तुकड्यावरून चौथा वर्ग निघाला. वर्ग एकूण सहा, आणि चौथा म्हणजे दोन्ही किडन्यांत आग लागलेली, पण अजून राख झालेली नाही. आग विझवता येते, सलीमा म्हणाली, आणि हे म्हणताना ती पहिल्यांदा हसली. तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड, मग त्याच्या गोळ्या, डोकं फिरलेल्या पहारेकऱ्यांना झोपवणारं दुसरं औषध सकाळ-संध्याकाळ, मलेरियाची म्हणून ओळखली जाणारी एक गोळी, ती कायमची, रक्तदाबाची वेगळी. मीठ कमी. ऊन बंद. रोज सकाळी वजन. आणि ही औषधं चालू असेपर्यंत मूल नाही, आजार शांत झाल्यावर औषध बदलून मग त्याचा विचार. बायडाबाई हे ऐकून बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या आणि ज्या क्रमाने बातमी दिली होती त्याच क्रमाने परत घेऊन आल्या. दूधवाल्यापाशी त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. घरात मात्र त्यांनी पापडाचा डबा, लोणच्याची बरणी आणि खर्डा माळ्यावर टाकला आणि सगळ्या घरालाच अळणी जेवू घातलं. सुनेला एकटीला अळणी वाढणार नाही, म्हणाल्या. संपतचं वजन दोन किलोंनी उतरलं.

काटा आता रोज चाले. शालू सकाळी आंघोळीआधी उभी राही, आतून मोठ्याने आकडा सांगे आणि बायडाबाई तो कॅलेंडरवर तारखेच्या खाली लिहीत. पेपराआडून सोनबा ऐकत. साडेछप्पन्न, मग पंचावन्न, मग साडेत्रेपन्न. ऑगस्टच्या अखेरीला नडगीवर खड्डा पडेनासा झाला. ऑक्टोबरात चार पूर्णांक दोनचं प्रोटीन एक पूर्णांक नऊवर आलं, आणि सलीमाने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या.

आणि नेमकं तेव्हाच शालूचं तोंड थाळीएवढं झालं. ही सूज नव्हती, ही स्टिरॉइडची करामत. गाल कानापर्यंत, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, मिशीची लव. कचेरीतली आनंदी म्हणाली, लग्न मानवलं हो तुला. शालूच्या धाकट्या मावसबहिणीचं लग्न नोव्हेंबरात होतं, आणि फोटो आता कागदावर राहत नाहीत, फेसबुकवर जातात.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी आकडा आला त्रेपन्न. चौथ्या दिवशी पंचावन्न. बायडाबाई म्हणाल्या, फराळ. आतून शालूही म्हणाली, फराळ. सोनबांनी पेपर खाली ठेवला. दोन दिवसांत दोन किलो चढायला माणसाने चकल्यांचं पोतं खावं लागेल, आणि या वर्षीच्या बिनमिठाच्या चकल्या घरात कुणी दुसऱ्यांदा तोंडात घातल्या नव्हत्या.

शालू बाहेर आली तेव्हा ते मध्येच उभे होते.

“गोळ्या कधीपासनं बंद हायेत?”

शालूचे डोळे भरले आणि त्याबरोबर आवाजही चढला. “नऊ दिवस झाले. तुम्ही माझ्यावर पाळतच ठेवता ना, मामा? आकडा, आकडा, आकडा. माझं तोंड दिसत नाही का कुणाला? आरशात मलाच मी ओळखू येत नाही. सगळं नॉर्मल वाटत होतं मला, म्हणून सोडल्या.”

बायडाबाई मध्ये पडू पाहत होत्या. सोनबांनी त्यांना हाताने थांबवलं.

“दिसतंय तोंड,” ते म्हणाले. “औषधानं फुगलेलं तोंड औषधासंगं उतरंल. किडनी गेली तर ती कशासंगं परत येणार? जूनमधी मला दिसत होतं पोरी, पाणी हाय म्हणून. तीन आठवडं गप बसलो. सासऱ्यानं बोलू न्हाई म्हणून गप बसलो. ते तीन आठवडं माझ्या अंगावर हायेत. आता न्हाई बसणार.”

एवढं लांब ते यार्डातसुद्धा कधी बोलले नव्हते. शालू आत जाऊन ओढणी घेऊन आली, दाराशी चपला घातल्या आणि म्हणाली, चला, आत्ताच जाऊ.

सलीमा ओरडली नाही, त्यामुळे सगळ्यांनाच जास्त लागलं. स्टिरॉइड असं एकदम तोडलं तर माणूस कोसळूही शकतो, तिने सांगितलं; नशीब म्हणा. प्रोटीन पुन्हा दोन पूर्णांक आठ झालं होतं. मग तिने जुना कागद काढून शालूपुढे धरला. त्यात स्टिरॉइड उतरवत नेण्याच्या तारखा होत्या, आणि पहिली मोठी कपात दिवाळीनंतरच्या सोमवारी लिहिलेली होती. विचारलं असतंस, तर मीच कमी करणार होते, ती म्हणाली. शालू रडता रडता हसली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, कपात महिनाभर पुढे गेली, आणि लग्नाला शालू त्याच तोंडाने गेली. तिथे कुणी काही म्हणालं, तर औषधाचं आहे, असं ती स्वतःच आधी सांगू लागली, आणि सांगितल्यावर लोकांना पुढे बोलायला काही उरेना.

त्यानंतर तिची एकही गोळी चुकली नाही. तिने आता आकडा आतून सांगणंही सोडलं, बाहेर येऊन कॅलेंडरवर स्वतः लिहू लागली, आणि सोनबांना उद्देशून म्हणू लागली, “बघा मामा, पाणी नाही.” सोनबा ‘हं’ म्हणत. फेब्रुवारीत प्रोटीन एकच्या खाली आलं. मार्चपर्यंत दुसरी हनुवटी गेली. केस परत आले. आधी जावळासारखे, मग चांगले दाट, त्याच बोअरच्या पाण्यात. एप्रिलपासून कचेरीने तिला उन्हं उतरल्यावर घरी जाता येईल अशी वेळ दिली.

औषध सुरू होऊन वर्ष झालं तेव्हाचा रिपोर्ट जुलैत आला. प्रोटीन शून्य पूर्णांक तीन. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक आठ. लघवीत रक्त नाही. सलीमाने पुनःपुन्हा पाहिलं आणि कागद मिटला. सोनबांनी मात्र मान हलवली नाही. एकाच काट्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांच्या आग्रहाखातर दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा कॅन दिला गेला, आणि या वेळी शालू तो हातात घेऊन हॉलमधून, सासऱ्याच्या पेपरासमोरून गेली. दुसऱ्या काट्याने सांगितलं, शून्य पूर्णांक अठ्ठावीस.

“आता तरी पटलं?” सलीमाने विचारलं. चौघंही आत बसले होते; जिन्यात कुणी नव्हतं.

सोनबा म्हणाले, की दोन्हीत थोडा फरक आहे, पण तो खपवून घेण्याइतका आहे. मग त्यांना साधं विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं. किडन्या राहिल्या का?

“दोन्ही राहिल्या. आजार गेलेला नाही, तो कायमचा शेजारी आहे; गोळ्या आणि तपासण्या चालूच राहतील. पण ही लढाई शालूने जिंकली.”

बायडाबाईंनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा, संपतच्या फोनवर, धायरीच्या बहिणीसाठी. खालच्या घरातून मन्सूरशेठ पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढत आला आणि चढता चढताच सांगू लागला, की पुडा अर्ध्या किलोचा आहे, तोलणार साहेबांनी हवं तर तोलून घ्यावा. सोनबांनी पुडा हातात धरला, वर-खाली केला आणि म्हणाले, वीस ग्रॅम कमी. मन्सूरशेठ म्हणाला, जिन्यात एक मी खाल्ला.

बाहेर उन्हं कलली होती. संपतने गाडी फडके हौदापाशी लावली होती, तिथपर्यंत चालत जायचं होतं. शालूने ओढणी सावरली आणि ती निघाली ती सरळ पुढे. तांब्याच्या भांड्यांची दुकानं, फुलांच्या टोपल्या, गल्लीत मध्येच उभी केलेली हातगाडी, सगळ्यांतून वाट काढत ती अशी चालली की संपतला पळावं लागलं आणि बायडाबाईंना हाका माराव्या लागल्या. अगं हळू, त्या ओरडल्या, तुझ्या सासऱ्याला दम लागलाय.

शालू गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि कमरेवर हात ठेवून वळली. गाल लाल होते, पण ते चालण्याने.

“मग उद्यापासून सकाळी मामांनाच काट्यावर उभं करा, आत्या. आकडा मी लिहीन.”

गल्लीतल्या दोन-तीन अनोळखी माणसांनी सोनबांकडे निरखून पाहिलं. सोनबांनी पोट आत घेतलं आणि सुनेला गाठण्यासाठी पावलं उचलली.